व्हिएन्नात दूतावासाच्या रिसेप्शनचं कार्ड आलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच मेसेज सुरू होतात. ताई कार्ड आलंय काय घालू, ताई पोरांना न्यायचं का, ताई व्हेज मिळतं का. नवरा यूएनच्या एका ऑफिसात आहे, आम्हाला इथे नऊ वर्षं झाली आणि वर्षाला पाच-सहा अशी आमंत्रणं येतात म्हणून सगळे मलाच विचारतात. मी काही प्रोटोकॉलवाली नाही, मी साताऱ्याची आहे, जे काय शिकले ते चुका करून नाहीतर निर्लज्जपणे विचारून. दरवेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतेय. हे सगळं व्हिएन्नाचं आहे हं, दुसऱ्या गावात थोडं इकडेतिकडे असेल.

२६ जानेवारीला सकाळी पण कार्यक्रम असतो आणि संध्याकाळी पण. दोन्ही एकच का?

नाही, आणि इथेच निम्मे लोक घोळ घालतात. सकाळी असतं ते झेंडावंदन. राजदूत झेंडा फडकवतात, जन गण मन होतं, राष्ट्रपतींचं देशाला उद्देशून केलेलं भाषण वाचून दाखवतात, मग चहा-नाश्ता. तिथे आपण भारतीय म्हणून जायचं, कार्डबिर्ड लागत नाही, पोरांना आवर्जून न्या. फक्त ओळखपत्र ठेवा आणि आधी नाव नोंदवायचं असेल तर त्या वर्षीची सूचना बघा.

संध्याकाळचं ते नॅशनल डे रिसेप्शन. ते आपल्यासाठी नसतंच खरं तर. ते असतं ऑस्ट्रियाचं सरकार, बाकीच्या देशांचे राजदूत, यूएनवाले, व्यापारउदीमवाले, युनिव्हर्सिटीतले लोक यांच्यासाठी. त्यात आपल्यातले काही जण. त्यामुळे तिथे आपण पाहुणे असलो तरी थोडे घरचेही असतो, लग्नात मुलाकडच्या चुलतभावाचं असतं ना तसं. जेवणावर सगळ्यात आधी तुटून पडायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

अजून एक गंमत, २६ जानेवारी हा ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिवस आहे. म्हणजे राजदूत मंडळींना एकाच तारखेला दोन घरची कार्यं. म्हणून आणि कधी वार अडचणीचा म्हणूनही संध्याकाळचा कार्यक्रम एखाद वेळी आधी-नंतरच्या तारखेला ठेवतात. कार्डावरची तारीख नीट वाचा, २६ धरून चालू नका. (आणि हो, इथे ऑस्ट्रियात राहून ऑस्ट्रेलियाबद्दल बोलताना दोनदा उच्चार करा, माझ्या सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात की आमचा मुलगा सिडनीकडे असतो.)

आम्हाला का बोलावलं? आणि आम्हाला का नाही बोलावलं?

यादी मर्यादित असते, दरवर्षी बदलते, हॉल जेवढा तेवढीच माणसं. नोकरीच्या जागेमुळे, कुठल्या संस्थेचं काम बघता म्हणून, गेल्या वर्षी एखाद्या कार्यक्रमात गायलात म्हणून, कशानेही नाव येतं. नाही आलं तर दूतावासात फोन करून विचारू नका, फार अवघडल्यासारखं होतं समोरच्याला. दूतावासाकडे नाव नोंदवणं वेगळं, ते अडीअडचणीसाठी असतं आणि ते सगळ्यांनी करावंच, पण त्याने आमंत्रण येत नाही.

ज्यांना ही दुनिया बघायचीच आहे त्यांनी यूएनच्या विमेन्स गिल्डचा, म्हणजे तिथल्या बायकांच्या संस्थेचा, हिवाळ्यातला बाजार गाठावा. चॅरिटीसाठी असतो, देशोदेशीचे स्टॉल, खाणं, राजदूतांच्या बायका-नवरे स्वतः उभे राहून विकतात. तिथे कुणी कुणाला एक्सलन्सी म्हणत नाही, सुट्टे पैसे मागतात.

कार्डावर काय काय लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सांगा ना

आरएसव्हीपी म्हणजे येणार की नाही ते कळवा. दोन्ही बाबतीत कळवा. "रिग्रेट्स ओन्ली" असेल तर येणार नसाल तरच कळवायचं, आणि न कळवता गेला नाहीत तर ते लक्षात ठेवतात. जर्मन कार्डावर ऊ-आ-वे-गे अशी चार अक्षरं असतात, तेच ते, उत्तराची विनंती. कधी आरएसव्हीपीवर काट मारून पेनने पी.एम. लिहिलेलं असतं, ते दुपारी नव्हे, फ्रेंचमध्ये पूर मेम्वार, म्हणजे तुम्ही आधीच हो म्हटलंय, ही फक्त आठवण. मी पहिल्यांदा संध्याकाळी पी.एम. कशाला वेगळं लिहिलंय म्हणून नवऱ्याला विचारत बसले होते.

कार्डावर ज्यांची नावं तेच जायचं. मिस्टर अँड मिसेस असेल तर दोघं. बहीण भारतातून आलीय तिला पण घेऊन येऊ का, नाही. पोरं, नाही. नवरा ट्रॅव्हलवर आहे म्हणून त्याच्या जागी मैत्रीण, नाही. सिक्युरिटीच्या यादीत नावं असतात, दारात तमाशा नको. कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दोन्ही पर्समध्ये.

पोशाख: लाउंज सूट म्हणजे काय? आणि "इन्फॉर्मल"?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, नीट वाचा.

लाउंज सूट म्हणजे साधा गडद सूट, टाय. जर्मन कार्डावर दुंकलर आंत्सुग लिहितात, गडद सूट. ब्लॅक टाय म्हणजे बो टाय आणि डिनर जॅकेट. व्हाइट टाय म्हणजे तो मागे शेपटा असलेला कोट, ऑपेरा बॉलला, म्हणजे इथल्या ऑपेरातल्या नाचाच्या मोठ्या समारंभाला, पुरुषांना तो कंपल्सरी, तो बहुतेक लोक भाड्याने आणतात.

आणि "इन्फॉर्मल" म्हणजे घरच्यासारखं नाही! राजनैतिक भाषेत इन्फॉर्मल म्हणजे सूटच, फक्त बो टायची गरज नाही एवढंच. आमच्या पहिल्या वर्षी एका देशाच्या अधिकाऱ्याकडे घरी जेवायला बोलावलं होतं, कार्डावर इन्फॉर्मल, आमचे हे जीन्स आणि आईने विणलेला स्वेटर घालून गेले आणि आत गेल्यावर बारा माणसं सूटमध्ये. यजमान इतके सभ्य की दोन मिनिटांनी त्यांनी स्वतःचा टाय काढून ठेवला. तो टाय मला अजून स्वप्नात दिसतो.

"नॅशनल ड्रेस" लिहिलेलं असेल तर आपली चंगळ. पुरुषांना बंदगळा, नाहीतर कुर्ता आणि नेहरू जॅकेट. इथे तर ऑस्ट्रियन लोकांचा स्वतःचा पारंपरिक पोशाख, ट्राख्ट म्हणतात, शिंगाची बटणं लावलेला कोट किंवा बायकांचं डिर्न्डल, तो अगदी औपचारिक ठिकाणी चालतो. त्यामुळे साडी नेसलेल्या बाईकडे इथे कुणी विचित्र नजरेने बघत नाही, उलट जरीचं काम बघायला जवळ येतात. पैठणी असेल तर पदरावरचे मोर दाखवायची तयारी ठेवा, आणि येवला कुठे आहे हे दोन वाक्यांत सांगायचीही.

नथ घालायची का? घाला की. फक्त शॅम्पेनचा उंच ग्लास आणि नथ यांची प्रॅक्टिस घरी करून जा.

नऊवारी? मी एकदा नेसले होते, सुंदर दिसली, पण दोन तास उभं राहायचं असतं आणि बाथरूममध्ये कसरत होते. तुमचं तुम्ही ठरवा.

बॉलला साडी चालते का असंही बऱ्याच जणी विचारतात. चालते, पायघोळ पोशाख हवा असतो आणि साडी पायघोळच असते. पण ऑपेरा बॉलला पांढरी किंवा ऑफ-व्हाइट नको, पांढरा रंग तिथे त्या दिवशी पहिल्यांदा नाचणाऱ्या मुलींचा असतो.

बाहेर बर्फ आहे हो! साडीत थंडीचं काय?

जानेवारीत शून्याच्या आसपास असतं, कधी खाली. साडीखाली परकराच्या आत थर्मल लेगिंग, ब्लाउज लांब बाहीचा, वर जाड लांब कोट. पायात बूट, आणि चांगल्या चपला पिशवीत. कार्ल्सप्लात्स स्टेशनवरून बर्फाच्या चिखलात चालत यायचं आणि आत गेल्यावर गार्डेरोबपाशी बूट बदलायचे, इथल्या बायका पण तेच करतात, लाजायचं काही नाही. साडी वर खोचून कोट घाला नाहीतर काठाची वाट लागते.

गार्डेरोब म्हणजे कोट ठेवायची जागा. कोट अंगावर ठेवून हॉलमध्ये जाणं इथे बरं दिसत नाही, तो द्यायचाच. एक-दोन युरोची नाणी जवळ ठेवा. आणि टोकन! टोकन मिळतं ते ब्लाउजमध्ये, पर्समध्ये, कुठेही ठेवा पण दोघांचं एकाकडे ठेवू नका, कारण आमचं एकदा नवऱ्याच्या खिशात होतं आणि नवरा कुठल्यातरी अणुभट्टीवाल्याशी गप्पा मारत अर्धा तास सापडेना.

किती वाजता पोचायचं?

साडेसहा ते साडेआठ असं लिहिलंय तर ते रिसेप्शन. पावणेसातपर्यंत पोचलात तरी चालतं, पण सहा वीसला जाऊन दारात उभं राहू नका, त्यांची धावपळ चालू असते. आठनंतर पोचणं म्हणजे न येण्यासारखं. आणि साडेआठ लिहिलंय म्हणजे सव्वाआठ-साडेआठला निघायचं, हे आपल्या लोकांना जमत नाही, आपण दारात चपला घालून अजून पाऊण तास बोलतो.

बसून जेवण असेल तर मात्र ठोक्याला. सात म्हणजे सात. जेवणात प्रमुख पाहुणा उठल्याशिवाय उठायचं नाही, बेबीसिटर असेल तर आधीच यजमानांच्या कानावर घाला.

दारात लाइन असते तिथे काय करायचं?

रिसेप्शन म्हटलं की आपल्याला स्टेज, सोफा, नवरानवरी, आहेराचं पाकीट आठवतं. हे अगदी तेच आहे, फक्त पाकीट नाही आणि फोटोग्राफर ओरडत नाही. राजदूत, त्यांचे पती किंवा पत्नी, कधी उपप्रमुख, कधी डिफेन्स अताशे, म्हणजे दूतावासातले लष्करी अधिकारी, असे ओळीने उभे. तुमचं नाव आणि कुठे काम करता ते एका वाक्यात सांगायचं, अभिनंदन करायचं, पुढे सरकायचं. पाच सेकंद. मागे सत्तर माणसं उभी असतात.

नमस्कार करायचा की हात द्यायचा? भारतीय राजदूतांना नमस्कार सगळ्यात सुटसुटीत. इतरांना ते जसं करतील तसं. इथले जुन्या वळणाचे गृहस्थ कधी बाईचा हात उचलून ओठांपाशी नेतात, प्रत्यक्षात ओठ लागत नाहीत, दचकू नका आणि हात मागे ओढू नका, माझ्या एका मैत्रिणीने ओढला आणि त्या बिचाऱ्या आजोबांच्या नाकाला तिची बांगडी लागली. नको असेल तर तो माणूस अजून चार पावलांवर असतानाच दोन्ही हात जोडायचे, लगेच समजतात.

आणि हीच ती जागा जिथे पासपोर्टचं काम काढायचं नसतं. मी स्वतः ऐकलंय, लाइनमध्ये एक काका राजदूतांचा हात धरून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांचं) कधी येणार विचारत होते. त्यासाठी कॉन्सुलर विभाग, म्हणजे पासपोर्ट-व्हिसावाला विभाग, असतो, त्याची वेळ असते, अपॉइंटमेंट असते. तिथे जा.

कोणाला काय म्हणायचं? एक्सलन्सी वगैरे?

परदेशी राजदूताला पहिल्यांदा युवर एक्सलन्सी, नंतर अॅम्बॅसडर, सर, मॅडम. आपल्या राजदूतांना सर-मॅडम चालतं. ते मराठी असतील तर तुम्ही मराठीत सुरुवात करू नका, त्यांना करू दे, आजूबाजूचे तीन देशांचे लोक गप्प उभे राहतात मग.

खालच्या पदांची गंमत अशी, फर्स्ट सेक्रेटरी म्हणजे कुणाचा सेक्रेटरी नाही, चांगला मोठा अधिकारी असतो. त्याला माझ्या आत्याने, ती भेटीला आली होती तेव्हा, "साहेबांना निरोप द्याल का" म्हटलं होतं. शार्जे दाफेअर म्हणजे राजदूत नसताना काम बघणारा. आणि कॉमनवेल्थ देशांत आपसात राजदूताला हाय कमिशनर म्हणतात, म्हणून लंडनमध्ये आपलं हाय कमिशन आणि इथे एम्बसी. इथले आपले राजदूत शिवाय यूएनच्या इथल्या संस्थांपुढे भारताचे कायम प्रतिनिधीही असतात, एक माणूस, दोन टोप्या.

खरी परीक्षा ऑस्ट्रियन लोकांची. यांनी १९१९ साली कायदा करून सरदारकीच्या पदव्या रद्द केल्या, नावातलं "फॉन" सुद्धा काढायला लावलं, पण डिग्रीचं वेड गेलं नाही. फ्राउ (बाई) डॉक्टर, हेर (श्रीयुत) मागिस्टर, हेर होफराट, हा शेवटचा तर सरकारी मानाचा किताब. कार्डावर लिहिलेली पदवी तोंडाने म्हणा, समोरचा दोन इंच उंच होतो. तुमची पीएचडी असेल तर इथे लपवू नका, पुण्यात लपवा.

बसून जेवण असेल तर कुठे बसायचं हे कोण ठरवतं?

तुम्ही नाही. नावाचं कार्ड असतं तिथे बसायचं. नवराबायकोला शेजारी बसवत नाहीत, मुद्दाम, त्यामुळे त्याच्याकडे बघून खुणा करायची सोय नाही. कार्डांची अदलाबदल तर चुकूनही करू नका. आमच्यातल्या एका वहिनींनी मैत्रिणीशेजारी बसायला मिळावं म्हणून कार्ड हलवलं आणि टेबलाच्या त्या टोकाला दोन अशा देशांची माणसं शेजारी आली की ज्यांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. सूप येईपर्यंत सगळं शांत, नुसता चमच्यांचा आवाज.

हे मानपान कुठून आलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १६६१ साली लंडनमध्ये स्वीडनचा नवा राजदूत येणार होता, त्याच्या मागे पहिली बग्गी कुणाची यावरून फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांची रस्त्यात मारामारी झाली, माणसं मेली. स्पॅनिश मंडळींनी घोड्यांचा साज कापता येऊ नये म्हणून आत लोखंडी साखळ्या घालून आणल्या होत्या, इतकी तयारी. पुढे १८१५ ला इथेच, व्हिएन्नाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या परिषदेत, ठरलं की राजदूतांच्या पायऱ्या अमुक आणि एकाच पायरीवरचे असतील तर जो आधी आला तो पुढे. देश केवढा, राजा कोण, काही नाही. १९६१ ला परत इथेच, नॉय हॉफबर्ग राजवाड्यात परिषद भरली आणि तेच तत्त्व राजनैतिक संबंधांच्या व्हिएन्ना करारात घातलं गेलं, सोळावं कलम. ज्याने आधी कामाची सूत्रं हाती घेतली तो ज्येष्ठ, तारीखच नव्हे वेळसुद्धा धरतात. त्यामुळे एखाद्या चिमुकल्या बेटाचा राजदूत अमेरिकेच्या राजदूताच्या वर बसू शकतो. अपवाद पोपच्या प्रतिनिधीचा, ज्या देशांत तशी प्रथा आहे तिथे तो कायमचा पहिला, ऑस्ट्रियात आहे.

पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मिरवणुकीत पाचव्याचा रथ तिसऱ्याच्या पुढे आला तर काय होईल याची कल्पना करा, बस, तेच आहे. फक्त इथे ढोल नाहीत.

आणि आपण, म्हणजे साधी माणसं? आपण टेबलाच्या मधल्या भागात, जिथे कुणीच महत्त्वाचं नाही. ती सगळ्यात चांगली जागा. गप्पा तिथेच होतात.

काटे-चमचे?

बाहेरून आत. ब्रेडची बशी डावीकडची तुमची, ग्लास उजवीकडचे तुमचे. अडलं तर यजमानीणबाई काय उचलतायत ते बघा. सुटलं.

मी व्हेज आहे. उपाशी राहीन का?

आपल्या दूतावासात नाही. समोसे, पनीर, पुलाव, गुलाबजाम असतातच. उत्तरेकडचं जास्त असतं हे खरं, पुरणपोळीची आशा धरू नका. २०२३ हे भारताच्या प्रस्तावावरून यूएनने भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, त्या वर्षी मात्र मी ज्वारीच्या भाकरीचा दोन इंची तुकडा, वर ठेचा आणि त्याला टूथपिक, असा ट्रेमध्ये फिरताना बघितलाय. वेटर त्याला कॅनपे म्हणत होता. आजीला फोन करून सांगितलं तर म्हणाली, भाकरीला काडी कशाला टोचली?

दुसऱ्यांकडे जाताना आरएसव्हीपी देतानाच कळवा. नुसतं व्हेजिटेरियन लिहू नका, मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं किंवा नाही, असं फोडून लिहा, कारण काही लोकांच्या हिशेबात मासा भाजीत मोडतो. आणि ऑस्ट्रियन सुपाला फसू नका! फ्रिटाटेनसुप्पे म्हणून असतं, स्वच्छ पिवळसर सूप आणि त्यात धिरड्याच्या बारीक पट्ट्या, बघून वाटतं अगदी सात्त्विक, पण ते पाणी गाईच्या मांसाचं असतं. मला हे दोन वर्षांनी कळलं. घरी सांगितलेलं नाही. मऊ गोळे असतात, क्नॉडल, त्यांच्या आत कधी जर्दाळू असतो आणि कधी डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, विचारून घ्या. गोडात जिलेटिन असतं कधी. ओने फ्लाइश, ओने फिश, म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय, एवढं जर्मन पाठ करा.

त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी आली तर? दाण्याची चिक्की पर्समध्ये. मी गंमत करत नाहीये.

दारू घेत नाही, टोस्टच्या वेळी (ग्लास उंचावून शुभेच्छा देतात तेव्हा) काय?

हातात संत्र्याचा रस असला तरी चालतो. ग्लास रिकामा नको एवढंच. आधी दोन्ही देशांची राष्ट्रगीतं, मग भाषण, मग टोस्ट. तोवर ग्लासला तोंड लावू नका. औपचारिक टोस्टला ग्लास नुसता उचलायचा, किणकिण करायची नाही. नंतर चौघांत प्रोस्ट (जर्मन चिअर्स) म्हणून ग्लास भिडवलात तर समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, इथले लोक याबाबतीत फार हळवे आहेत.

राष्ट्रगीताला दोन्ही वेळा ताठ उभं राहायचं, ऑस्ट्रियाच्याही. जन गण मन ५२ सेकंदांचं आहे, तेवढा वेळ फोन खाली ठेवता येतो. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रगीतात २०१२ पासून "थोर पुत्रांची" च्या जागी "थोर कन्या आणि पुत्रांची" मायभूमी असा बदल झाला, अजूनही काही आजोबा जुनंच म्हणतात आणि त्यांच्या बायका त्यांच्याकडे बघतात, ते बघायला मला आवडतं.

ग्लास डाव्या हातात धरा. उजवा हात कोरडा आणि मोकळा हवा, नाहीतर हात मिळवताना समोरच्याला गार ओला मासा दिल्यासारखं होतं. बशी आणि ग्लास दोन्ही एकदम घेऊ नका, तीन हात कुणालाच नसतात.

अनोळखी माणसांशी बोलायचं काय?

हा खरा घाबरायचा प्रश्न, बाकी सगळं सोपंय. माझा नियम असा की आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं मराठी माणसाजवळ उभं राहायचंच नाही. आपण भिंतीपाशी घोळका करतो आणि दोन तास डोंबिवलीवर बोलून परत येतो, मग घरी म्हणतो काही मजा नाही आली.

"तुम्ही व्हिएन्नाला कधी आलात" हा प्रश्न कुणालाही विचारता येतो, कारण राजनैतिक माणूस तीन-चार वर्षांनी गाव बदलतो आणि त्याला आधीच्या गावाबद्दल बोलायला फार आवडतं. पगार, धर्म, तुमच्या देशात हे काय चाललंय, हे नको. युद्ध चालू असलेल्या देशाच्या माणसाला बातम्यांबद्दल तर मुळीच नको, तो दिवसभर तेच करून आलेला असतो.

इथल्या लोकांशी बोलायला आपल्याकडे विषय भरपूर आहेत. गेओर्ग ब्यूलर नावाचा संस्कृत पंडित मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचा, मुंबई इलाख्यात पोथ्या गोळा करत हिंडायचा आणि १८८१ ला इथल्या युनिव्हर्सिटीत प्राध्यापक म्हणून आला. सुभाषबाबूंच्या पत्नी एमिली शेंकल व्हिएन्नाच्याच. २०२४ ला पंतप्रधान मोदी आले होते, १९८३ ला इंदिराबाई येऊन गेल्यावर थेट तेव्हाच, आणि दोन देशांच्या संबंधांना त्या वर्षी ७५ वर्षं झाली. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलात हे सांगितलंत तर पुढची दहा मिनिटं समोरचा माणूस बोलतो, तुम्ही नुसती मान हलवा. फक्त तुमचं जर्मन पुण्याचं आणि त्याचं व्हिएन्नाचं, निम्मं कळणार नाही, तयारी ठेवा.

सुटायचं कसं? "तुम्हाला बाकीच्यांनाही भेटायचं असेल, मी अडवत नाही" असं म्हणायचं. दोघंही सुटतात. हे वाक्य मी एका फार अनुभवी बाईंकडून उचललंय आणि त्यांनी ते माझ्यावरच वापरलं होतं.

दूतावासात पाऊल ठेवलं की आपण कायद्याने भारतात असतो ना?

नाही. सिनेमात असतं तसं. जमीन ऑस्ट्रियाचीच, फक्त वर सांगितलेल्या व्हिएन्ना करारामुळे इथले पोलीस परवानगीशिवाय आत शिरू शकत नाहीत. आणि रिसेप्शन बहुतेक वेळा हॉटेलच्या हॉलमध्ये असतं, तिथे तर काहीच प्रश्न नाही. बाहेर डब्ल्यूडी नंबरप्लेटच्या गाड्या दिसतील, त्या डिप्लोमॅटांच्या. आपण यू-बान, म्हणजे मेट्रो.

काही भेट न्यायची का?

रिसेप्शनला नाही, कुणाच्या हातात द्याल, ते चारशे लोकांशी हात मिळवतायत. घरी जेवायला बोलावलं तर न्या. फुलं विषम संख्येत, वरचा कागद काढून द्यायची, लाल गुलाब नकोत, पांढऱ्या लिली आणि शेवंती नको, त्या इथे मयताच्या. आपल्याकडे देवाला वाहतो ती शेवंती इथे स्मशानात, काय करणार.

मला विचाराल तर सावंतवाडीची लाकडी खेळणी, गंजिफाचे पत्ते, वारलीचं छोटं चित्र, हिमरूचा स्टोल. मागे एक सोन्यासारखी गोष्ट असते सांगायला. भारतातून येताना पेढे आणून वाटायचा विचार असेल तर सोडा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून सामानातून दूधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, एअरपोर्टवर घेतले की गेले.

फोटो टाकले तर चालतात?

तुमचे टाका. मागे दुसऱ्या देशाचा कुणी अधिकारी ग्लास हातात घेऊन दिसत असेल तर टाकू नका, त्याच्याकडे तो फोटो कसा बघितला जाईल हे आपल्याला माहीत नसतं. राजदूतांबरोबर फोटो शेवटी, गर्दी ओसरल्यावर, एकच.

निघताना सगळ्यांना सांगून निघायचं का?

गर्दीच्या रिसेप्शनला यजमान बोलत असतील तर गुपचूप निघालात तरी चालतं. जेवणाला मात्र सांगून, आणि दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं आभाराचं पत्र किंवा मेल. राजदूत बदली होऊन जाताना कधी कार्डावर पी.पी.सी. लिहून पाठवतात, निरोप घेण्यासाठी असा त्याचा फ्रेंच अर्थ. आमच्याकडे तशी दोन आहेत, फ्रिजवर लावलीत.

पैठणीवर हिरवी चटणी सांडली तर?

सांडते. दर वर्षी कुणाची ना कुणाची. घासू नका, पाणी लावू नका, कोरड्या टिश्यूने नुसतं टिपा आणि पदर पुढून घेऊन पिन लावा, कुणाला कळत नाही. इथल्या ड्रायक्लीनरला पुट्झराय म्हणतात, पण जरी आहे म्हटल्यावर बरेच जण हात वर करतात, मी तर येवल्याच्या बाजूला जाणारं कुणी भेटलं की त्यांच्या बॅगेत देते.